दिवे मालवून विचारलेले प्रश्न

तेव्हा मी डोंबिवलीत राहायचो. ऑफिस फोर्टात. संध्याकाळची नेहमीची फास्ट चुकली की घरी पोचायला नऊ वाजून जायचे, आणि २००० सालच्या त्या पावसाळ्यात ती बहुतेक रोज चुकायची. स्टेशनकडून येताना डाव्या हाताला चार-चार मजल्यांच्या, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या सोसायट्या लागत. पावसामुळे खिडक्यांच्या काचा ओढलेल्या, आतल्या ट्यूबलाइट बंद, आणि प्रत्येक काचेवर टीव्हीचा निळसर उजेड. एरवी हे उजेड आपापल्या मर्जीने लुकलुकत. एका घरात बातम्या, दुसऱ्यात मालिका, तिसऱ्यात क्रिकेट. पण जुलैपासून सोमवार ते गुरुवार, रात्री नऊनंतर, भलतंच दिसू लागलं. सगळ्या खिडक्या एकाच क्षणी काळवंडायच्या. डोळ्याचं पातं लवेपर्यंत अख्खी इमारत विझल्यासारखी व्हायची आणि मग सगळीकडे एकदमच गडद निळा उजेड पसरायचा.

पावसात आवाज काही ऐकू यायचा नाही. पण गोरेगावच्या फिल्म सिटीत उंच खुर्चीवर बसलेल्या कुणाला तरी वरच्या रकमेचा प्रश्न पडला आहे, हे मला छत्रीखाली उभ्या उभ्या समोरच्या भिंतीवरून कळायचं.

३ जुलै २००० ला ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं. त्यातल्या बच्चनच्या आवाजाबद्दल, त्याच्या सूटबद्दल, त्या एक कोटीबद्दल आपल्याकडे रग्गड लिहून झालंय. त्या दिव्यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मला तर तेव्हापासून वाटत आलंय की या खेळाचा खरा सूत्रसंचालक तो अंधार होता. पैसा काय, लॉटरीतही मिळतो. पण लॉटरीचा निकाल बघायला कुणी श्वास रोखून बसत नाही.

*

तो अंधार मुंबईचा नव्हता. इंग्लंडात आयटीव्ही वाहिनीवर ४ सप्टेंबर १९९८ ला ‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर?’ सुरू झालं, त्याचा तो वारसा. सेट अँडी वॉल्म्स्ली या नेपथ्यकाराचा, प्रकाशयोजना ब्रायन पिअर्स यांची, संगीत कीथ आणि मॅथ्यू स्ट्रॅचन या बापलेकांचं. तोवरचे बहुतेक गेम शो स्पर्धकाला घरच्यासारखं वाटावं म्हणून धडपडत. गुबगुबीत सोफे, पिवळे-केशरी पडदे, सूत्रसंचालकाची खांद्यावर थाप. वॉल्म्स्लींनी उलटं केलं. माणूस अवघडला पाहिजे, असा सेट बांधला. खुर्च्या मुद्दाम उंच, म्हणजे पाय धड जमिनीवर टेकणार नाहीत. खाली पारदर्शक प्लेक्सिग्लासची जमीन आणि तिच्याखाली आरशासारखा कागद लावलेली भलीमोठी थाळी. म्हणजे माणूस विहिरीच्या तोंडावर ठेवलेल्या काचेवर बसल्यासारखा. प्रेक्षक चारी बाजूंनी, गोलाकार, कुस्तीच्या आखाड्याभोवती बसावेत तसे. फरक एवढाच की आखाड्यात पैलवानाला प्रेक्षक दिसतात.

आणि मग दिवे. सुरुवातीच्या सोप्या प्रश्नांना सेट बऱ्यापैकी उजळ असतो. रक्कम चढत जाते तसा उजेड उतरत जातो. मोठ्या प्रश्नाच्या वेळी भोवतालचे झोत वरून खाली झुकत येतात आणि खुर्चीवर एकवटतात. त्याच वेळी संगीताचा स्वर अर्ध्या सुराने वर सरकतो. आपल्याकडे पेटीवर गाणाऱ्याला काळी एक सोडून पांढरी दोनमध्ये गायला लावावं, तसं. ऐकणाऱ्याला नेमकं काय बदललं ते सांगता येत नाही, पण घसा आपोआप ताणला जातो. अमेरिकेत हा कार्यक्रम गाजू लागला तेव्हा सिराक्यूज विद्यापीठातले माध्यम-अभ्यासक रॉबर्ट थॉम्पसन म्हणाले होते की, तुरुंगातून कैदी पळाल्यावर बाहेर जसे झोत फिरतात, तसं त्या स्पर्धकाला वाटत असणार. मला ही उपमा पटते, पण अर्धीच. पळालेल्या कैद्याला निदान पळता येतं.

या झोतांबद्दल एक गोष्ट आपण लहानपणीच शिकलेलो असतो आणि नंतर विसरतो. प्रकाशाचा झोत बाजूने दिसत नाही. आजोळच्या कौलारू घरात छपराला एक काचेचं कौल असायचं. सकाळी त्यातून उन्हाची तिरीप यायची आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर कवडसा पडायचा. नुसता कवडसा. तिरीप दिसायची ती आजीने चूल पेटवल्यावर. धूर वर चढला की छपरापासून जमिनीपर्यंत उजेडाची एक तिरकी फळी उभी राहायची, हाताने धरता येईल अशी. आम्ही पोरं धरायलाही जायचो. टीव्हीच्या स्टुडिओत चूल नसते, म्हणून तिथे तेलाची अतिसूक्ष्म वाफ हवेत सोडतात. तिला ‘हेझ’ म्हणतात. नाटकात स्वर्ग किंवा स्वप्न दाखवायला जमिनीलगत धुराचे लोट सोडतात, तो प्रकार निराळा. हेझ दिसता कामा नये, तिने फक्त उजेड दाखवला पाहिजे. ती मशीन बंद ठेवली तर करोडपतीच्या सेटवरचे सगळे झोत जागच्या जागी असूनही गायब होतील. उरतील ते जमिनीवरचे कवडसे.

झोत हलवणाऱ्या यंत्राची जन्मकथा गेम शोमधली नाही, रॉक संगीतातली आहे. डॅलसच्या शोको कंपनीने कॉम्प्युटरच्या हुकमाने मान वळवणारा, रंग बदलणारा दिवा तयार केला. ‘जेनेसिस’ या इंग्लिश बँडने त्यात पैसे घातले आणि सप्टेंबर १९८१ मध्ये बार्सिलोनाच्या बैलझुंजीच्या आखाड्यात तो पहिल्यांदा मैफलीत वापरला. ‘व्हॅरी-लाइट’ हे त्याचं नाव. त्याआधी झोत हलायचा तो कुणीतरी माणूस दिव्यामागे उभा राहून हलवायचा म्हणून. आज याच जातकुळीतला ‘शार्पी’ आपल्या गल्लीतल्या गणपती मंडळाच्या पोरालाही ठाऊक असतो, किंबहुना त्यालाच जास्त.

*

‘प्रकाशझोतात येणं’ हा शब्दप्रयोग आपण इंग्रजी ‘लाइमलाइट’वरून उचलला. त्यातला ‘लाइम’ म्हणजे लिंबू नव्हे, चुना. कळीच्या चुन्याच्या तुकड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत सोडली की तो पांढराशुभ्र पेटतो. १८३७ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात हा उजेड रंगमंचावर आला. तेव्हा प्रसिद्धीत असणं म्हणजे अक्षरशः चुन्यात असणं. आणि चुना म्हटल्यावर मराठी माणसाला जे सुचतं, ते अमेरिकन टीव्हीवर १९५० च्या दशकात घडलंच. सबंध देशाला चुना लावला गेला, भरपूर उजेडात.

‘द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ ७ जून १९५५ ला सीबीएसवर सुरू झालं. प्रायोजक रेव्हलॉन, लिपस्टिकवाले. वर्षभराने एनबीसीवर ‘ट्वेंटी वन’ आलं, प्रायोजक जेरिटॉल नावाचं शक्तिवर्धक. तेव्हाच्या स्टुडिओत अंधार परवडायचा नाही. कॅमेऱ्याच्या नळ्यांना उजेडाची भूक प्रचंड. प्रकाश कमी पडला की चित्रावर कुसळं यायची. शिवाय प्रायोजकाचा माल लख्ख दिसायलाच हवा. साध्या तापतारेच्या दिव्यात विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जातो, त्यामुळे असे हजार-हजार, दोन-दोन हजार वॉटचे डझनावारी दिवे डोक्यावर म्हणजे बायलरखाली बसण्यासारखं. त्यात स्पर्धकाला कोंडायचं काचेच्या खोलीत. बाहेरून कुणी उत्तर पुरवू नये, हा त्या बूथचा सांगितलेला हेतू.

न सांगितलेला हेतू होता घाम.

हर्बर्ट स्टेम्पल हा ‘ट्वेंटी वन’चा विजेता. निर्माता डॅन एनराइटने त्याला नुसती उत्तरं दिली नव्हती, सबंध भूमिका दिली होती. अंगाला न बसणारा जुना सूट, सैनिकासारखे बारीक कापलेले केस, स्वस्तातलं घड्याळ. बूथमधली थंड हवा बंद ठेवायची, म्हणजे दिव्यांनी माणूस भिजून निघेल. कपाळ पुसायचं नाही, रुमालाने नुसतं टिपायचं. पुसलं तर मेकअप फासला जातो. पडद्यावर दिसायचा तो विचार करकरून थकलेला गरीब बिचारा विद्वान. प्रत्यक्षात उत्तर त्याला आधीच पाठ. ५ डिसेंबर १९५६ ला त्याला हरायला सांगितलं गेलं, तेही आदल्या वर्षीच्या सर्वोत्तम चित्रपटाच्या प्रश्नावर. तो चित्रपट होता ‘मार्टी’. स्टेम्पलला तो माहीत होता, आवडतही होता. त्याने चुकीचं उत्तर दिलं. मग त्याच काचेत, त्याच दिव्यांखाली कोलंबिया विद्यापीठातला देखणा प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरन घाम टिपू लागला आणि १ लाख २९ हजार डॉलर घेऊन बाहेर पडला. २ नोव्हेंबर १९५९ ला त्याने काँग्रेसच्या समितीपुढे सगळं कबूल केलं. १९६० मध्ये कायदा झाला. प्रश्नमंजुषेत लबाडी करणं गुन्हा ठरलं. रॉबर्ट रेडफर्डने १९९४ मध्ये यावर ‘क्विझ शो’ हा चित्रपट काढला. मिळाला तर अवश्य पाहा.

आपल्या नाटकवाल्यांना यात नवल वाटणार नाही. खालून दिवा लावला की साधा माणूस खलनायक दिसतो, बाजूने लावला की दुःखी. प्रेक्षक मात्र असं समजून चालला होता की हे नाटक नाही, म्हणून दिवे खरं बोलत असणार.

*

आता १९७२ च्या सप्टेंबरात या. ४ तारखेला अमेरिकेत सीबीएसवर ‘द प्राइस इज राइट’ नव्या रूपात सुरू झालं, बॉब बार्करला घेऊन. बरोबर एका आठवड्याने, ११ तारखेला, बीबीसीवर ‘मास्टरमाइंड’चा पहिला भाग लागला. आपल्या मुंबईत दूरदर्शन यायला अजून तीन आठवडे होते. ते आलं २ ऑक्टोबरला. योगायोग म्हणा, पण दिव्यांच्या दृष्टीने पाहिलं तर हे दोन कार्यक्रम म्हणजे एकाच घराण्यातून फुटलेल्या दोन शाखा.

पहिल्याने सगळ्यांवर उजेड टाकला. ‘प्राइस इज राइट’चा स्पर्धक प्रेक्षकांतूनच येतो. नाव पुकारलं की माणूस खुर्चीतून उसळतो, शेजारणीला मिठी मारतो, धावत खाली येतो. म्हणजे प्रेक्षागृह उजळलेलं हवं, कॅमेऱ्याला गर्दीत तो चेहरा सापडायला हवा. सेटवर तर जत्राच: पळणारे बल्ब, चौकटींभोवती लुकलुकणाऱ्या माळा, फिरत्या चबुतऱ्यावर चकाकणारी मोटार. आपल्याकडच्या जत्रेत मौत का कुआँच्या तंबूवर जसे दिवे पळत असतात तेच तंत्र; एकाआड एक बल्ब पेटवत-विझवत गेलं की उजेड धावल्याचा भास होतो.

अमेरिकन शोमध्ये दिवे हळूहळू पंचही झाले. ‘जेपर्डी’त १९८५ पासून नियम असा की प्रश्न वाचून संपेपर्यंत बटण दाबायचं नाही. संपल्याची खूण म्हणून फलकाच्या कडेला दिव्यांच्या पट्ट्या उजळतात. घरच्या प्रेक्षकाला त्या सहसा दिसतही नाहीत. घाई करून आधी दाबलंत तर पाव सेकंद तुमचं बटण मुकं होतं, आणि त्या खेळात पाव सेकंद म्हणजे सामना गेला. कित्येक जाणकार हरतात ते अज्ञानामुळे नव्हे, त्या पट्टीकडे नीट न पाहिल्यामुळे.

दिव्याकडे सगळ्यांत नीट पाहणारा माणूस मात्र ओहायोतला एक बेकार आइसक्रीम-गाडीवाला निघाला.

मायकेल लार्सन त्याचं नाव. सीबीएसवर ‘प्रेस युअर लक’ नावाचा शो लागायचा. अठरा चौकोनांचा एक मोठा फलक, त्यावर उजेडाची एक चौकट टणाटण उड्या मारत फिरते. तुम्ही बटण दाबायचं, चौकट थांबेल तिथलं बक्षीस तुमचं. पण मध्ये मध्ये ‘व्हॅमी’ नावाचं लाल भूत बसलेलं. त्याच्यावर थांबलात की होतं नव्हतं सगळं साफ. उजेड वाटेल तसा उडतो, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. लार्सनने घरी व्हिडिओ टेप लावली, एकेक चित्र थांबवून पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की उजेड वाटेल तसा उडत नाही. त्याच्या उड्यांचे ठरलेले पाच नमुने आहेत, आलटून पालटून तेच येतात; आणि चौथ्या व आठव्या चौकोनात व्हॅमी कधीच नसतो. त्याने पाचही नमुने पाठ केले. आपण लहानपणी पाढे केले तसे.

१९ मे १९८४ ला चित्रीकरण. पहिल्याच डावात त्याला व्हॅमी लागला, बोटांना अजून ताल सापडला नव्हता. दुसऱ्या फेरीत सापडला. तो दाबतो, थांबतो, चौथा चौकोन. पुन्हा दाबतो, आठवा. ओळीने पंचेचाळीस वेळा. टेप पाहिली तर एक गंमत दिसते: इतर स्पर्धक उजेड थांबल्यावर निकाल वाचतात आणि मग आनंदतात, लार्सन बटण दाबताक्षणी हात वर करतो. सूत्रसंचालक पीटर टोमारकेन चक्रावून बघत राहतो. खेळ इतका लांबला की प्रसारणात त्याचे दोन भाग करावे लागले. एकूण कमाई १ लाख १० हजार २३७ डॉलर. सीबीएसच्या लोकांनी नियम उलटे-सुलटे वाचले; दिव्याकडे बघणं कुठेच निषिद्ध नव्हतं. पैसे द्यावे लागले. त्यानंतर नमुन्यांची संख्या वाढवली गेली. लार्सनच्या हाती मात्र ते पैसे टिकले नाहीत. काही जमिनीच्या भानगडीत गेले. आणि एका रेडिओ स्पर्धेत नोटेचा क्रमांक जुळवायचा म्हणून त्याने हजारो डॉलर एक-एक डॉलरच्या नोटांत घरी आणून ठेवले होते, ते चोरीला गेले. फलकावरचा नमुना सापडलेल्या माणसाला जगातही नमुना असेल असं वाटत राहिलं असावं.

*

दुसरी शाखा, ‘मास्टरमाइंड’. हिने उजेड काढून घेतला.

बिल राइट हा बीबीसीचा निर्माता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात गनर होता, जर्मनांच्या हाती सापडला आणि गेस्टापोच्या चौकशीला सामोरा गेला. युद्धकैद्याने तीनच गोष्टी सांगायच्या: नाव, हुद्दा, क्रमांक. वर्षं उलटली तरी ती खोली त्याच्या स्वप्नात यायची. त्यातूनच त्याला कार्यक्रम सुचला. अंधारी जागा, मधोमध एक काळी चामड्याची खुर्ची, तिच्यावर एकच झोत, समोरून एक आवाज. नाव? व्यवसाय? विषय? आणि मग दोन मिनिटं धडाधड प्रश्न. बक्षिसात रोकड नाही. नील रिचर्डसन यांच्या सुरुवातीच्या संगीताचं नावच मुळी ‘अप्रोचिंग मेनेस’, म्हणजे जवळ येत चाललेलं अरिष्ट.

सूत्रसंचालक मॅग्नस मॅग्नुसन स्वभावाने सभ्य, मृदू गृहस्थ. तो कुणाला घाबरवत नव्हता. घाबरवायचा तो दिवा. अंधारातल्या रांगेतून उठून स्पर्धक त्या उजेडाच्या गोलात चालत येतो, बसतो, आणि कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याकडे सरकत राहतो. डोळ्यांवर झोत असला की समोरची माणसं दिसेनाशी होतात. रंगमंचावर उभं राहिलेल्या कुणालाही हे विचारा. प्रेक्षक तीनशे असोत की तीस, नटाला दिसते ती काळी पोकळी. नटाकडे निदान पाठ केलेली वाक्यं असतात. १९८० मध्ये त्या खुर्चीतून विजेता होऊन उठला तो फ्रेड हाउसगो नावाचा लंडनचा टॅक्सीवाला. त्याने खुर्चीला फारसं जुमानलं नाही. आपल्याकडे ‘मास्टरमाइंड इंडिया’ १९९८ मध्ये आलं, सिद्धार्थ बसूंबरोबर. आणि हेच बसू दोन वर्षांनी ‘केबीसी’चे सूत्रधार झाले. म्हणजे गेस्टापोच्या खोलीतला तो दिवा लंडनमार्गे गोरेगावपर्यंत कसा पोचला, याचा माग आपल्याला बऱ्यापैकी लागतो.

‘स्लमडॉग मिलियनेअर’ने २००८ मध्ये हे उघड करून दाखवलं. चित्रपट सुरू होतो तोच एका पोराला पोलीस ठाण्यात छळताना आणि त्याच पोराला करोडपतीच्या खुर्चीत बसलेलं दाखवत. दोन्हीकडे प्रश्न, दोन्हीकडे तोंडावर उजेड. चित्रपटावर आपल्याकडे पुष्कळ राग निघाला, त्यातला काही रास्तही होता. पण हे एक निरीक्षण त्याला अचूक साधलं होतं.

अंधाराचा दुसराही उपयोग असतो. सप्टेंबर २००१ मध्ये इंग्लंडच्या ‘मिलियनेअर’मध्ये मेजर चार्ल्स इंग्राम दहा लाख पौंड जिंकला, तो खोकल्याच्या इशाऱ्यांवर, असा आरोप झाला. २००३ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. तो स्वतः आजतागायत नाकारतो. माझ्या दृष्टीने यातली मेख वेगळी आहे. झोत सगळे मेजरवर, खोकणारा काळोखातल्या वर्तुळात. एकाच माणसाला उजेडात बसवलं की बाकी सगळ्यांना लपायची सोय होते.

*

इकडे आपण काय केलं? २०१३ मध्ये सचिन खेडेकरांबरोबर ‘कोण होईल मराठी करोडपती’ आलं, २०१९ मध्ये नागराज मंजुळे आले. झोत तेच, सूर तेच, कारण परवाना घेताना ते सामानासकट घ्यावं लागतं. भाषा बदलली की अंधारही जरा बदलतो, असं मला मंजुळेंचे भाग बघताना वाटायचं. समोरच्याशी ते पारावर बसल्यासारखे बोलत, आणि तेवढा वेळ ते निळे झोत उगाच आल्यासारखे वाटत. त्याच वर्षी हिंदी ‘केबीसी’त अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणारी बाई, महिन्याला दीड हजार रुपये मिळवणारी. त्या भागात झोत खाली झुकले तेव्हा बच्चन जास्त अवघडलेले दिसले, बाई कमी. चुलीपुढे उभं राहायची सवय असलेल्या माणसाला दिव्याची धग काय लागणार!

पण खरं मराठी उत्तर याआधीच देऊन झालं होतं. २००४ मध्ये आजच्या झी मराठीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं. खेळ तोही, बक्षीस तिथेही, पैठणी. सेट मात्र नाही. आदेश बांदेकर थेट घरात शिरायचे. दिवाणखान्यात जेवढी जागा तेवढाच रंगमंच, भिंतीवर कॅलेंडर, शोकेसमध्ये बाहुल्या, कोपऱ्यात फ्रीज. कॅमेऱ्यापुरते दिवे लावत असतील, पण ते कुणाला एकटं पाडण्यासाठी नव्हते. सगळ्यांवर सारखा उजेड: वहिनी, सासूबाई, दारात गर्दी केलेले शेजारी. चुकलं तर हशा, जिंकलं तर उखाणा. प्रकाशयोजनेच्या पुस्तकात त्याला शून्य गुण मिळतील. मी त्याला नाकं मुरडली आहेत, आणि आईशेजारी बसून शेवटपर्यंत पाहिलंही आहे.

अलीकडच्या सेटवर मात्र मी खूश नाही. एलईडी स्वस्त झाले आणि अंधार महाग. आता पार्श्वभूमीला पडदे, जमिनीत पडदे, पायऱ्यांच्या कडांना पट्ट्या. सगळं एकसारखं चमकतंय. झोत असतो, पण त्याला कापायला काळोखच नाही. रांगोळीत मधली जागा मोकळी सोडावी लागते, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. स्टुडिओत का सुटत नाही कोण जाणे.

*

काही वर्षांपूर्वी एका प्रश्नमंजुषेच्या चित्रीकरणाला प्रेक्षकांत बसायची संधी मिळाली. कार्यक्रमाचं नाव महत्त्वाचं नाही. सकाळी नऊला बोलावलं होतं, स्पर्धक यायला दुपारचा एक वाजला. मधल्या वेळात दिवे लावणं चालू होतं. एसी इतका की दोन आज्या शाली मागत होत्या. हवेत हेझचा वास, शिवणयंत्राला घालायच्या तेलाची आठवण करून देणारा.

मधल्या खुर्चीवर निर्मिती विभागातला एक विशी-बाविशीचा पोरगा बसवला होता. स्पर्धकाच्या जागी. दिवे नेमके कुठे पडतात, चष्म्यावर तिरीप येते का, हनुवटीखाली सावली किती, हे बघायला कुणीतरी बसावं लागतं. वर तराफ्यावरून एक लाइटमन वाकून बघत होता. खालून कन्सोलवरचा माणूस माइकमध्ये सांगायचा, ‘पंधरावा क्यू घे’, आणि सगळे झोत एकदम खाली झुकून त्या पोरावर यायचे. संगीत नाही, टाळ्या नाहीत, नुसता दिव्यांच्या मोटारींचा घरघर आवाज. पोरगा डोळे बारीक करून बसलेला, हातात मोबाइल, बहुधा मेसेज वाचत. ‘वर बघ रे,’ कुणीतरी ओरडायचं. तो वर बघायचा. पुन्हा उजेड, पुन्हा काळोख. सगळ्यांत वरच्या रकमेचा, एक कोटीचा तो क्यू त्याच्यावर मी मोजून सात वेळा पडलेला पाहिला.

एक वाजता खरा स्पर्धक आला. पोरगा उठला, खुर्चीवरची आपली पाण्याची बाटली उचलली आणि अंधारात गेला. चार तासांत त्याला कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता.